पूर्व स्टँडचा दर एकदाच सांगा

प्रति,
गोव्यात फुटबॉलचे सामने भरवणारे क्लब, संघटना आणि मैदानांचा कारभार पाहणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्यात वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतो. फुटबॉल कधी धड खेळलो नाही. शाळेच्या संघात मला बारावा गडी म्हणून घेत, आणि बारावा गडी म्हणजे पाण्याची बादली सांभाळणारा. सामने मात्र पाहिले. पावसात पाहिले, लग्न बुडवून पाहिले, एकदा ताप अंगात असताना पाहिले. त्यामुळे तिकिटांच्या दराबद्दल हे पत्र लिहायचा थोडाफार हक्क आहे असे समजतो.

गेल्या मोसमातली एक संध्याकाळ सांगतो. कुठली स्पर्धा, कुठला क्लब ते मुद्दाम सांगत नाही, कारण तक्रार एकाची नाही. भाचा तेरा वर्षांचा, वाड्यावरच्या संघात उजव्या बाजूने खेळतो. त्याचे दोन सवंगडी आणि मी, असे चौघे बोरीचा पूल ओलांडून फातोर्ड्याला पोचलो. तिकीट आधी काढले नव्हते, ही माझी चूक. पण आमची पिढी खिडकीवर जाऊन तिकीट काढणारी. खिडकी बंद होती. काचेवर आतून कागद चिकटवलेला: तिकिटे फक्त ऑनलाइन. ठीक आहे, मोबाईल काढला. पाहुणा संघ मोठा म्हणून सगळ्यात स्वस्त स्टँड त्या दिवशी विक्रीलाच नव्हता. त्याच्या वरच्या स्टँडचा दर नेहमीच्या दुपटीहून जास्त, आणि शेवटी ‘बुकिंग शुल्क’ म्हणून आणखी थोडे. मी मनात बेरीज केली. चौघांचे मिळून माझ्या दुकानाचा एका दिवसाचा नफा होत होता. मुलांकडे पाहिले. मुले माझ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. दर त्यांनीही वाचला होता.

आम्ही आत गेलो नाही. बाहेरच्या गाड्यावर रस-ऑम्लेट खाल्ले. मध्येच आतून लाट उसळावी तसा आवाज आला. भाचा उभा राहिला. “मामा, गोल जालो!” कोणी मारला ते पाहायला त्याने मोबाईल उघडला, तर तिथे चेंडू अजून मधल्या रेषेवर. मोबाईल अर्धा मिनिट मागे होता. मैदान पन्नास पावलांवर, आणि गोल आम्ही हातातल्या पडद्यावर पाहायची वाट बघत बसलो. परत निघताना दोन स्टँडच्या मधल्या फटीतून वरच्या मजल्याच्या खुर्च्या दिसल्या. ओळीच्या ओळी. रिकाम्या.

खरे सांगायचे तर त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या नसत्या तर मी हे पत्र लिहिले नसते. मैदान भरलेले असते, तिकीट परवडले नाही, तर वाईट वाटले असते एवढेच. दुकानात माल संपला की गिऱ्हाईक निमूट परत जाते. पण फडताळ मालाने भरलेले, गिऱ्हाईक दारात उभे, आणि दुकानदार म्हणतो आज देणार नाही, याला धंदा म्हणत नाहीत.

मडगावच्या मासळी बाजारात संध्याकाळी जाऊन बघा. सकाळी बांगड्याच्या वाट्यावर पाच रुपये कमी न करणारी बाई दिवेलागणीला स्वतः हाक मारते. ती उदार झालेली नसते. उद्या त्या बांगड्याला कोणी विचारणार नाही, हे तिला ठाऊक असते. आज रात्रीच्या सामन्याची खुर्ची ही बांगड्यापेक्षा नाशवंत वस्तू. बांगडा निदान खारवता येतो.

आता कोणी म्हणेल, गोवेकराला फुकटची सवय. हे मी खूप ऐकले आहे, आणि आमच्या बाजूला त्याला थोडा आधारही आहे. फोंडा, डिचोली, पेडणे, साखळी या पट्ट्यात जत्रेला, उत्सवाला देवळासमोर मराठी नाटक होते ते फुकटच असते. पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. पण त्याच गोव्यात तियात्राला, म्हणजे कोकणी संगीत नाटकाला, माणूस पैसे मोजून जातो. मडगावचे रवींद्र भवन आणि फातोर्ड्याचे स्टेडियम यांत अंतर ते किती? त्याच परिसरात एकीकडे तिकीट काढून घरेच्या घरे तियात्राला जातात, म्हाताऱ्या आईला हाताला धरून नेतात, आणि दुसरीकडे खुर्च्या ओस. मग सवय फुकटची कशी? तियात्रवाल्याला आपला प्रेक्षक कोण ते माहीत आहे. कुठल्या गावातून येतो, खेळ किती वाजता सुटला पाहिजे, किती पैसे खिशात असतात. दर तो त्यावरून लावतो.

१९९० साली मी भाच्याच्याच वयाचा होतो. फातोर्ड्याचे स्टेडियम आदल्या वर्षीच उभे राहिलेले, आणि राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी मडगावात. बाबा म्हणाले, चल. बसमध्ये उभ्याने गेलो. अंतिम सामन्यात गोव्याने केरळला २-० हरवले. मला गोलांपेक्षा बाबांचा हात आठवतो. गर्दीत मी सुटू नये म्हणून त्यांनी माझे मनगट इतके घट्ट धरले होते की घरी आल्यावर वळ दिसत होते. आईने दुसऱ्या दिवशी खर्च विचारला, तेव्हा बाबांनी बसभाडे सांगितले, चणे सांगितले, माझे सोडा-लेमन सांगितले, तिकीट सांगायचे विसरलेच. लपवले नाही, लक्षात राहण्याइतके ते नव्हते. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते.

त्या बापाची जागा आज तुमच्या हिशेबात कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या तिकिटांच्या यादीत ‘व्हीआयपी’ आहे, ‘प्रीमियम’ आहे. कारकून आणि त्याचा मुलगा कुठे बसतात?

सगळा दोष तिकिटावर टाकत नाही. तसे करणे खोटेपणाचे होईल. २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले, तेव्हा एका फटक्यात गोव्यातली घरची भांडणे संपली. धेंपो विरुद्ध चर्चिल, दोन्ही गोव्याचेच, म्हटल्यावर मडगावात आणि पणजीत जे व्हायचे ते परक्या शहराच्या संघाविरुद्ध होत नाही. निदान इतक्या लवकर होत नाही. मग करोना आला. २०२०-२१ आणि २०२१-२२ असे दोन मोसम सबंध इंडियन सुपर लीग गोव्यात खेळली गेली. फातोर्डा, बांबोळी, वास्कोचे टिळक मैदान. देशभरचे संघ आपल्या अंगणात, आणि आपण घरात टीव्हीसमोर. ज्याला त्या दोन वर्षांत सोफ्यावर बसून सामना पाहायची गोडी लागली त्याला उठवणे कठीण, हे मान्य. २०२५-२६ चा मोसम तर करारांच्या घोळात लांबला. एवढे सगळे झाल्यावर प्रेक्षक बिचकणारच.

पण म्हणूनच तर दर सांभाळून लावायचा ना? आजारी माणसाला पेजेचीही किंमत वाढवून सांगायची नसते.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्यांना उठाव सगळ्यात जास्त. तेव्हा डझनामागे दहा-वीस रुपये वाढवले तर कोणी बोलणार नाही, घाईतच असतात सगळे. माझ्या वडिलांच्या ओळखीच्या एका जुन्या दुकानदाराने मला पहिल्या वर्षीच बजावले होते, जूनमध्ये वाढवू नकोस. जूनला जे गिऱ्हाईक येते ते वर्षभर पेन, कंपास, कव्हर, गोंद न्यायला येते. जूनमध्ये त्याला वाटले की हा बघून भाव करतो, की ते फिरले. माणूस महाग दर सहन करतो. उद्या काय असेल ते माहीत नसलेला दर सहन करत नाही.

तुम्ही नेमके तेच करता. पाहुणा संघ कोलकात्याचा असला की दर वेगळा, ईशान्येचा असला की वेगळा. कधी स्वस्त स्टँड उघडा, कधी बंद. सामन्याच्या तीन-चार दिवस आधी दर कळतो. फोंड्यातल्या, काणकोणातल्या, वाळपईतल्या माणसाने त्यावर काय बेत आखायचा? रविवारी मैदानात जायचे हे घरात ठरवायला महिना लागतो. बायकोला विचारावे लागते, शेजाऱ्याला दुकानावर बसवावे लागते, कोणाची गाडी येणार ते बघावे लागते. तुम्ही एका मोठ्या सामन्यात चार पैसे जास्त कमावता आणि जो माणूस दर सामन्याला आला असता त्याची सवय मोडता. गर्दी ही सवयच असते हो. ती एकदा मोडली की फलक लावून, गाणी वाजवून परत येत नाही.

एखाद्या सामन्याची गोष्ट निराळी. २२ ऑक्टोबर २०२५ ला सौदीचा अल नस्र फातोर्ड्यात एफसी गोवाशी खेळला. असा पाहुणा रोज येत नाही. त्याचे तिकीट लीगच्या सामन्यासारखे असावे असे मी म्हणणार नाही. रोनाल्डो दिसेल म्हणून लोकांनी जीव टाकला, तो आलाच नाही, हा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा भाग. ज्यांनी ब्रायसन फर्नांडिसचा गोल डोळ्यांनी पाहिला त्यांना विचारा, १-२ ने हरूनही ते हसत घरी गेले असतील. माझे भांडण वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याशी नाही. रोजच्या जेवणाच्या दराशी आहे.

आता थोडा हिशेब. आकडे समजुतीचे आहेत, कुठल्या क्लबचे नाहीत. फातोर्ड्यात साधारण १९,००० माणूस बसतो. ४०० रुपये दराने ४,००० माणसे आली तर १६ लाख. १५० रुपयांनी ११,००० आली तर साडेसोळा लाख. गल्ला तोच. पण दुसऱ्या हिशेबात ७,००० माणसे जास्त आली. ती पाणी पितात, पॅटिस खातात, पोराच्या हट्टाने संघाचा नारिंगी टी-शर्ट घेतात. मैदानाभोवतीच्या फलकांवर जाहिरात देणाऱ्याला टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत. भारतातल्या क्लबांचा खर्च तिकिटांवर निघत नाही, तो मालकांच्या आणि प्रायोजकांच्या खिशातून निघतो, हे तुम्हीच बैठकांमधून सांगता. मग ज्या पैशाने पोट भरत नाही त्यासाठी घर रिकामे का ठेवायचे?

तुम्ही विचाराल, १५० केले म्हणून ११,००० येतील कशावरून? पहिल्या सामन्याला येणार नाहीत. दुसऱ्यालाही नाहीत. चौथ्या-पाचव्याला येऊ लागतील, जर तोपर्यंत दर तोच राहिला तर. तुमची पद्धत अशी की दोन सामने दर उतरवायचा, माणसे आली नाहीत म्हणून हात झटकायचे आणि पुन्हा चढवायचा.

करामुळे तिकीट महाग होते, हे कारण मी ऐकले आहे. तेही तपासले. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये आयपीएलच्या तिकिटांवरचा कर ४० टक्क्यांवर नेला, तेव्हाही ही माफी ठेवली. म्हणजे साध्या माणसाचे तिकीट कुठवर असते याची कल्पना कर वसूल करणाऱ्यालाही आहे.

हे दुखणे फक्त आपले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधल्या सगळ्यात महागड्या जागेचे तिकीट ७७ पौंड करायचे ठरवले. सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. त्या वेळी त्यांचा संघ २-० ने पुढे होता. उरलेल्या वेळात सुंदरलँडने दोन गोल फेडले आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. आमच्याकडे कोणी उठून जाणार नाही, याची खात्री बाळगा. आम्ही निषेध करत नाही, आम्ही यायचेच बंद होतो. आणि जो आलाच नाही त्याचा राग मैदानात ऐकू येत नाही, त्यामुळे तुम्हाला वाटते सगळे ठीक आहे.

फुकट पासांबद्दल दोन शब्द. पंचायतीच्या पंचाकडून पास, आमदाराकडून पास, प्रायोजकाच्या कचेरीतून पास. हे पास येतात कोणाकडे? ज्याला तिकीट परवडते त्याच्याकडेच. आणि पासवाला पावसाची सर आली की घरी बसतो, कारण त्याचे काही गेलेले नसते. शंभर रुपये मोजलेला माणूस छत्री घेऊन येतो. माझे मागणे फुकटचे नाही. सामना संपल्यावर किती तिकिटे विकली आणि किती पास वाटले, हे दोन आकडे वेगवेगळे जाहीर करा. नुसती ‘उपस्थिती’ सांगू नका. त्या दोन आकड्यांतून तुमचे तुम्हालाच पुष्कळ कळेल.

मागणे एवढेच की पूर्व स्टँड, किंवा तुम्हाला सोयीचा जो असेल तो, एक स्टँड सबंध मोसमासाठी एका दराने ठेवा. तो दर मोसमाच्या आधी सांगा आणि शेवटच्या शिटीपर्यंत बदलू नका, पाहुणा कोणीही असो. त्याची तिकिटे रोख पैशांनी खिडकीवर मिळू देत. खिडकी फातोर्ड्यालाच हवी असे नाही. फोंडा, म्हापसा, डिचोली, कुडचडे इथल्या एखाद्या दुकानात तिकिटे ठेवा. माझ्या दुकानात ठेवलीत तर मी कमिशन घेणार नाही, हे लिहून देतो. वाड्यावरच्या संघाची जर्सी घालून आलेल्या चौदा वर्षांखालच्या मुलाला दहा-वीस रुपयांत आत सोडा. आणि मध्यंतरानंतर खुर्च्या उरल्याच असतील तर फाटक उघडा, मिळेल त्या दराने. मासळीवाली बाई करते तेच.

बसचे राहिले. साडेसातचा सामना साडेनऊला सुटतो. त्या वेळी मडगावहून फोंड्याकडे जाणारी बस आम्हाला कधी मिळालेली नाही. स्कूटरवर दोघे जातात, चौघे जात नाहीत. टॅक्सी केली तर तिचे भाडे तिकिटांच्या वर. म्हणजे तुम्ही दर शंभर केला तरी आमच्यासाठी तो शंभर नसतो. कदंब या सरकारी बससेवेशी बोलून सामन्याच्या दिवशी चार दिशांना चार गाड्या ठेवता आल्या, एक फोंड्याला, एक म्हापशाला, एक काणकोणला, एक सावर्डे-कुडचडेला, तर तिकिटावरच बसभाडे धरा. खुशीने देऊ. नाहीतर रविवारी सामना पाचला ठेवा. टीव्हीवाल्यांना ते चालत नाही हे मला माहीत आहे. पण कधीतरी त्यांनाही सांगून बघायला हवे.

२०१५ चा डिसेंबर मी विसरणार नाही. सुपर लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यात, ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईने दोन गोल करून करंडक नेला. मी स्टँडमध्ये होतो. शिटी झाली आणि एवढ्या मोठ्या मैदानात कोणीतरी रडतेय ते स्पष्ट ऐकू यावे इतकी शांतता पसरली. माझ्या पुढच्या ओळीतल्या अनोळखी म्हाताऱ्याने मागे वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलला नाही. तो हात टीव्हीतून बाहेर येत नाही, म्हणून एवढे लिहिले.

२०१२ मध्ये सरकारने फुटबॉलला गोव्याचा राज्य खेळ म्हणून जाहीर केले. राज्य खेळाच्या मैदानात राज्यातल्या पोराला फटीतून खुर्च्या पाहाव्या लागू नयेत, इतके तरी करा.

भाच्याचे काय झाले विचाराल तर तो आता सामने मोबाईलवर पाहतो. इंग्लंडचे जास्त, आपले कमी. गेल्या महिन्यात त्याने मला आर्सेनलच्या राखीव फळीतल्या बचावपटूंची नावे सांगितली. गोव्याच्या संघाचा गोलरक्षक कोण, हे त्याला नक्की सांगता आले नाही. पुढच्या मोसमात त्याला घेऊन पुन्हा यायचे आहे. पूर्व स्टँडचा दर ऑगस्टपर्यंत कळला तर सहा सामन्यांचे पैसे मी गणपतीच्या आधीच गल्ल्यात वेगळ्या डब्यात काढून ठेवीन. डबा रिकामा करून ठेवला आहे.

आपला,
फोंड्याचा एक वही-पुस्तकवाला